यवतेश्वर घाट उतरताना स्टीअरिंग थरथरतं तेव्हा

टायर बदलून आणल्यावर साताऱ्याकडे घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायचं. एका मेकॅनिकने थेट ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची लोखंडी चकती, बदलायला सांगितलं. त्याआधी चाकांचे नट तपासू म्हटलं, आणि मित्राकडून टॉर्क रेंच आणला, म्हणजे ठरवलेल्या आकड्याइतका जोर लागला की ‘कट्’ वाजणारा पाना.

पुढच्या चाकांचे नट हवेच्या गनने ठोकलेले. एक सहज सुटला, शेजारचा पान्यावर उभं राहूनही हलेना. ताण असा कमीजास्त असला की चाक हबवर (ज्या मधल्या भागावर ते आवळलं जातं त्यावर) सरळ बसत नाही, डिस्कही किंचित वाकडी धरली जाते आणि ब्रेक लावताना ती थरथर हातात येते.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड. चाक काढून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला. आट्यांना तेल-ग्रीस लावलं नाही. त्याने घर्षण कमी होतं आणि रेंचवरच्या त्याच आकड्याला नट जास्त आवळला जातो. नट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरचे आवळले. चाक जमिनीला टेकवून शेवटचा ताण दिला: माझ्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे 85 न्यूटन-मीटर. म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण 35 किलोचा जोर. लाथा मारायची गरजच नसते! तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पुस्तिका बघा. रेंच ‘कट्’ वाजला की थांबायचं, आणखी एक झटका नको.

थरथर गेली. डिस्क जुनीच आहे. साताऱ्याहून कऱ्हाडला जाऊन आल्यावर थंड चाकांवर पुन्हा रेंच लावला, तर डावीकडचा एक नट थोडा फिरलाच.