घरातलंच कुणी आपले ईमेल वाचत असेल तर काय करावं?

माझ्या तपासणीचा रिपोर्ट ईमेलवर आला, आणि मी तो उघडण्याआधी आईचा रडवेला फोन आला. तिला कुणी सांगितलं? मी पहिला संशय घेतला नवऱ्यावर. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. नंतर कळलं की वाचणारी माझी सख्खी ताई होती. कधीतरी तिकिटाची प्रिंट काढायला मी तिच्या लॅपटॉपवर माझं खातं उघडलं होतं आणि बंद करायचं विसरले होते.

तेव्हा मी जे केलं ते जवळजवळ सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी आरडाओरडा, मग पासवर्ड, आणि पुरावा शोधायला गेले तेव्हा काही उरलं नव्हतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा मानून लिहिते आहे.

आधी खात्री करा

न उघडलेला ईमेल वाचलेला दिसतो, एवढ्यावरून कुणावर बोट ठेवू नका. तो आपणच दुसऱ्या फोनवर घाईत उघडलेला असू शकतो. ज्या गोष्टी फक्त ईमेलमध्येच होत्या त्या कुणाच्या तरी बोलण्यात येऊ लागल्या, की मात्र तपासायला घ्या.

जीमेल कॉम्प्युटरवर उघडून इनबॉक्सच्या अगदी तळाशी, उजवीकडे जा. तिथे खातं शेवटचं कधी वापरलं गेलं ते बारीक अक्षरांत असतं. शेजारच्या ‘डिटेल्स’वर क्लिक केलं की अलीकडच्या नोंदी दिसतात: कुठल्या प्रकारच्या ब्राउझरमधून किंवा अ‍ॅपमधून, किती वाजता, कुठल्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून). गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात ‘युअर डिव्हाइसेस’ असतं. तिथे सध्या आणि गेल्या २८ दिवसांत कुठल्या उपकरणांवर खातं उघडं होतं ते कळतं. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ‘रिसेंट अ‍ॅक्टिव्हिटी’ हे पान गेल्या ३० दिवसांच्या नोंदी दाखवतं.

या नोंदी वाचताना एक चूक फार सहज होते. एकाच घरात एकाच वायफायवर असलेल्या माणसांची उपकरणं बाहेरच्या जगाला बहुधा एकाच आयपी पत्त्यावर दिसतात. त्यामुळे ‘जागा तर आपल्याच घरची आहे, म्हणजे मीच असेन’ असं वाटून आपण ती नोंद सोडून देतो. जागेपेक्षा उपकरणाचा प्रकार आणि वेळ पाहा. तुम्ही प्रवासात होतात त्या तासाला घरच्या कॉम्प्युटरवरून खातं उघडलं गेलं असेल, तर ती नोंद बोलकी आहे. आणि कुणी तुमचाच फोन हातात घेऊन वाचलं असेल, तर या यादीत वेगळं काहीच दिसणार नाही.

जे सापडेल त्याचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह लगेच घ्या. ते या ईमेल खात्यात ठेवू नका, दुसरीकडे ठेवा. नोंदी कायम राहत नाहीत, आणि भांडण झालं की समोरचा माणूस सर्वात आधी लॉगआउट होतो.

सापळा म्हणून खोटा ईमेल टाकून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. आपले ईमेल वाचणाऱ्याचे ईमेल उघडून फिटंफाट करणं तर नकोच. त्यानंतर ‘तूही तेच केलंस’ याला आपल्याकडे उत्तर नसतं.

मग दारं बंद करा, याच क्रमाने

सगळं काम अशा उपकरणावर करा ज्याला त्या व्यक्तीचा हात लागत नाही.

सुरुवात फोनच्या लॉकपासून. बरेच जण आधी पासवर्ड बदलतात आणि फसतात, कारण फोन उघडता आला की मेलचं अ‍ॅप पासवर्ड विचारतच नाही. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने खातं उघडण्याची सोय) वापरत असाल तर फोनचं लॉक हीच खात्याची किल्ली असते. पिन बदला. सेटिंगमध्ये कुणाकुणाचे ठसे साठवले आहेत ते बघा. कधीतरी सोय म्हणून घेतलेला घरच्या माणसाचा ठसा तिथे हमखास सापडतो. लॉक स्क्रीनवर ईमेलचा मजकूर दिसत असेल तर तोही बंद करा.

यानंतर रिकव्हरी. पासवर्ड विसरल्यावर कोड ज्या फोन नंबरावर आणि ज्या ईमेलवर जातो, तो तुमचाच आहे ना? खातं काढून देणाऱ्याने स्वतःचा नंबर घातलेला असतो, आणि वर्षानुवर्षं ते कुणी पाहत नाही. तो नंबर त्यांच्याकडे असेपर्यंत तुमचा नवा पासवर्ड ते पुन्हा बदलू शकतात.

तिसरी जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’चा विभाग उघडा, ‘फिल्टर्स’ उघडा, आणि ‘अकाउंट्स’मध्ये कुणाला तुमचं खातं वापरायची परवानगी दिलेली आहे का ते बघा. आउटलुकमध्ये ‘रूल्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ पाहा. इथे एखादा पत्ता घातलेला असेल तर तुमच्या ईमेलची प्रत आपोआप तिकडे जात राहते. पासवर्ड शंभर वेळा बदला, ती जातच राहते.

आता पासवर्ड. नवा, लांब, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. मुलांची नावं, वाढदिवस, गाडीचा नंबर चालणार नाही, कारण आपल्याला ओळखणाऱ्या माणसापासून आपण खातं राखतो आहोत. घरातल्या सामायिक कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो साठवू नका, जुना साठवलेला असेल तर पुसा. पासवर्ड बदलला की गुगल बहुतेक ठिकाणांहून लॉगआउट करतं, पण सगळ्या नाही. म्हणून उपकरणांच्या यादीत परत जाऊन अनोळखी वाटणारं प्रत्येक उपकरण हाताने साइन आउट करा, आणि खात्याला जोडलेली बाहेरची अ‍ॅप्सही तपासा.

शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारला जातो. एसएमएसचा कोड लॉक असलेल्या फोनवरही वाचता येतो, त्यापेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं. फोन जवळ नसताना वापरायचे बॅकअप कोड कागदावर उतरवले तर तो कागद घरातल्या सगळ्यांच्या कपाटात नको.

एका परिस्थितीत थांबा

वाचणारी व्यक्ती तुम्हाला धमकावत असेल, मारहाण करत असेल, पैसा आणि येणं-जाणं ताब्यात ठेवत असेल, तर वरची दारं धाडकन बंद करू नका. पासवर्ड बदलल्याचं तिला लगेच कळतं आणि राग तुमच्यावर निघू शकतो. आधी तिला माहीत नसलेल्या उपकरणावर नवं ईमेल खातं उघडा, त्यावरून विश्वासाच्या माणसाशी किंवा मदत संस्थेशी बोला, सुरक्षित राहण्याची सोय ठरवा. जुन्या खात्याचं नंतर पाहता येईल. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणं हा अनेक देशांत गुन्हा आहे, नातं कुठलंही असो. वकिलाला दाखवायला ते स्क्रीनशॉट कामी येतात.

आणि मग बोला

बोलणं एकट्याशी, समोरासमोर. कुटुंबाच्या ग्रुपवर नाही, सणाच्या जेवणात नाही. चारचौघांत पकडलेला माणूस कबूल करत नाही, बचाव करतो.

‘तू नेहमीच माझ्यावर पाळत ठेवतेस’ असं म्हटलं की भांडण ‘नेहमी’ या शब्दावर जातं. जे पाहिलं तेवढंच सांगा: ‘गुरुवारी रात्री तुझ्या लॅपटॉपवर माझं खातं उघडलं गेलं. माझा रिपोर्ट मी वाचायच्या आधी तू वाचलास. मला फार लागलं.’ एवढं बोलून गप्प राहा. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. मी केली होती आणि त्या नादात मीच माफी मागून मोकळी झाले.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरतेस कशाला?’ याला माझं उत्तर असं: लपवण्यासारखं काही नाही, पण कुणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं हे माझं मी ठरवणार. शिवाय त्या ईमेलमध्ये मी एकटी नसते. मैत्रिणीने तिच्या संसाराबद्दल जे लिहिलं, ते तिने मला लिहिलं होतं, माझ्या ताईला नाही.

‘काळजी वाटत होती’ हे उत्तर मात्र उडवून लावू नका, ते बरेचदा खरं असतं. माझ्या आजारपणाबद्दल मी कुणालाच काही सांगत नव्हते आणि ताई आतल्या आत घाबरली होती. तिचं वागणं त्याने बरोबर ठरत नाही. पण काय विचारलं तर मी सांगेन आणि काय नाही, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ठरवलं.

घरातल्या वयस्कर माणसाला ईमेलसाठी खरोखरच मदत लागत असेल तर पासवर्ड वाटून घेऊ नका. जीमेलमध्ये डेलिगेशनची सोय आहे: मदत करणारा स्वतःच्या खात्यातून तुमचे ईमेल पाहतो, उत्तरं लिहितो, पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही, आणि परवानगी कधीही काढून घेता येते. ‘उद्या तुला काही झालं तर?’ या प्रश्नालाही सोय आहे. गुगलच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कुठली माहिती द्यायची, हे आधीच लिहून ठेवता येतं.

मी ते पान उघडलं ते त्या भांडणानंतर आठ महिन्यांनी. नाव ताईचंच सुचलं. आधी तिला फोन करून विचारलं, ‘घालू का तुझं नाव?’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘घाल. पण आत काय आहे ते आत्ता सांगू नकोस.’