बँक आणि गिरणी यांचे सामायिक संचालक कसे शोधावेत

वडोदऱ्यात राहून जुन्या बँका आणि कारखाने यांचे लागेबांधे तपासायचे असतील, तर २० जुलै १९०८ पासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. त्या दिवशी सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने, संस्थानाच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली, बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत संपतराव गायकवाड होते, तसेच मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी आणि कापसाचे व्यापारी तुलसीदास किलाचंदही होते. राजघराणे, गिरणी आणि कापूस यांची गाठ इथे मुळातच पडलेली दिसते.

प्रथम भागधारकांना पोस्टाने येणारे वार्षिक अहवाल गोळा करावेत. दांडिया बाजारातील आमच्या घरी ते आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडले. दर पाच वर्षांचा एक अहवाल घेऊन वहीत नाव, कंपनी, वर्ष आणि पद असे रकाने आखावेत. नावांत मात्र फार गोंधळ होतो. एके ठिकाणी ‘सर व्ही. डी. ठाकरसी’, तर दुसरीकडे ‘विठ्ठलदास दामोदर ठाकरसी’ असे छापलेले असते. शेठ, रावबहादूर असे किताब कधी लागतात, कधी गळतात. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत.

आणखी एक रकाना मॅनेजिंग एजंटांसाठी ठेवावा, कारण गिरणीचा कारभार पुष्कळदा संचालक मंडळाऐवजी या पेढ्यांच्या हाती असे. ३ एप्रिल १९७० रोजी ही पद्धत बंद होईपर्यंत बँकेवरचा माणूस गिरणीच्या संचालकांत नसूनही तिच्या एजंट पेढीत भागीदार असू शकत होता. हा रकाना वगळला, तर अर्धे नाते निसटते.

नाव जुळले म्हणजे कर्ज दिले गेले, असे मुळीच सिद्ध होत नाही. त्यासाठी ताळेबंद पाहावा. १९४९ च्या बँकिंग कायद्याने ठरवलेल्या नमुन्यात, बँकेचे संचालक ज्या कंपन्यांत संचालक, भागीदार किंवा मॅनेजिंग एजंट आहेत त्यांच्याकडील येणी वेगळी दाखवावी लागत. ही ओळ शोधून त्या रकमेचे एकूण कर्जांशी प्रमाण काढावे. कोणत्या कंपनीकडे किती, हे मात्र या एकत्रित आकड्यावरून कळत नाही. ते गिरणीच्या स्वतःच्या ताळेबंदातील बँककर्जाशी ताडून पाहावे लागते.

१ फेब्रुवारी १९६९ पासून लागू झालेल्या, बँकांवरील ‘सामाजिक नियंत्रणा’च्या कायदेशीर तरतुदींनी संचालकांच्या कंपन्यांना कर्ज देण्यावर कडक बंधने आणली आणि संचालक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेले हवेत असे ठरवले. १९ जुलै रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बडोद्याच्या बँकेच्या वर्धापनदिनाच्या आदल्याच दिवशी. त्यामुळे १९६८ आणि १९६९ चे अहवाल शेजारी शेजारी ठेवून, कोणाचे नाव यादीतून गेले आणि त्या जागी आलेल्याचे आडनाव व पत्ता काय, हे जरूर टिपून ठेवावे.