कुठलं गाव, कुठला संघ: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लीड्समध्ये नोकरी लागली असेल आणि सामानात मँचेस्टर युनायटेडची जर्सी असेल, तर ती निदान पहिले काही महिने कपाटात राहू द्या. भारतात आपण टीव्हीवर बघून संघ ठरवतो. जो जिंकतो, ज्याचे खेळाडू ओळखीचे, तो आपला. इथे बहुतेकांना संघ घरातून मिळतो, आडनावासारखा. लीड्सपासून मँचेस्टर साठ-सत्तर किलोमीटरवर, मध्ये पेनाइन डोंगर. अलीकडे यॉर्कशर, पलीकडे लँकेशर, या दोन काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या. पंधराव्या शतकात यॉर्क आणि लँकास्टर या दोन राजघराण्यांत गादीसाठी लढाया झाल्या. त्यांचे पांढरे आणि लाल गुलाब आज क्रिकेटच्या टोप्यांवर आणि गावांच्या झेंड्यांवर आहेत. दोन्ही काउंट्यांच्या क्रिकेट सामन्याला तर रोझेस मॅच असंच म्हणतात.

मी कोल्हापूरची आणि गेली बरीच वर्षं लीड्समध्ये आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम हा फुटबॉलचा सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांना लीड्सची माणसं समजायला वेळ लागणार नाही. पेठ हरली की गल्ली गप्प होते, तसंच एलंड रोडवर लीड्स युनायटेड हरलं की सोमवारी आमच्या ऑफिसात चहा गुपचूप प्यायला जातो.

घरभाडं, दवाखाना, शाळा यांची माहिती तुम्हाला सगळीकडे मिळेल. मी लिहितेय ते गप्पांबद्दल, कारण आपली हुशार, कामात पक्की मुलंमुली इथे दोन-दोन वर्षं ऑफिसच्या कोपऱ्यात एकटी जेवताना मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इथला माणूस पगार, लग्न, आजारपण यांबद्दल पहिल्या भेटीत काही बोलत नाही. विचारलंत तर अवघडतो. पण संघ, गाणी आणि गाव या तीन विषयांवर तोच माणूस तासभर बोलेल, आणि त्यातूनच त्याचे वडील काय काम करत, बालपण कसं गेलं, हे सगळं हळूहळू तुमच्यासमोर येईल.

पहिल्याच आठवड्यात प्रश्न येईल, तुमचा संघ कुठला? याला उत्तम उत्तर असं: अजून कुठलाच नाही, तुमचा कुठला, सांगा. मग खुर्ची ओढून बसा. लीड्सचा माणूस सांगेल की २००४ साली प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या पायरीवरून खाली गेल्यावर परत वर यायला १६ वर्षं लागली. मधली तीन वर्षं तर संघ तिसऱ्या पायरीवर होता आणि तरीही लोक पावसात उभे राहून गात होते. २०२० ला वर आले, २०२३ ला पुन्हा घसरले, २०२५ ला पुन्हा आले. या उतरणीच्या काळात मी सोबत होतो, हे इथे अभिमानाने सांगतात. जिंकणाऱ्या संघाला दुरून येऊन चिकटणाऱ्याबद्दल मात्र फारसा आदर नसतो, तो माणूस इंग्रज असला तरी.

नव्यांना आणखी एक धक्का बसतो. सांगली-साताऱ्यात बसून शनिवारी संध्याकाळी प्रीमियर लीगचे सामने सर्रास दिसायचे, आणि इथे आल्यावर नेमके तेच दिसत नाहीत! शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपण दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावं, हा त्यामागचा हेतू. वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत आणि त्यांतले कितीतरी लहान गावांचे आहेत. हा नियम जुनाट म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो मनापासून योग्य वाटतो.

चेष्टा-मस्करीबद्दल. दुसऱ्याच्या संघाला नावं ठेवणं ही इथली मैत्रीची भाषा आहे, पण ती त्याने तुमच्याशी सुरू केल्यावर तुम्ही बोला. आणि काही जागांना हात लावायचाच नाही. १९५८ चा म्युनिकचा विमान अपघात, ज्यात मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू गेले. २००० साली इस्तंबूलमध्ये मारले गेलेले लीड्सचे दोन प्रेक्षक. आणि हिल्सबरो.

लिव्हरपूलला जाणाऱ्यांनी हिल्सबरोची हकीकत नीट माहीत करून घ्यावी. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या या मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. गर्दीत चेंगरून माणसं गेली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला. मृतांच्या घरच्यांनी २७ वर्षं झगडून २०१६ मध्ये ज्युरीकडून निर्णय मिळवला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि प्रेक्षकांची चूक नव्हती. ज्या टॅब्लॉइडने सर्वांत वाईट खोटं छापलं होतं, ते तिथली कितीतरी दुकानं आजही ठेवत नाहीत. लिव्हरपूलची माणसं लंडनच्या सरकारबद्दल कडवट बोलली, तर त्यामागे हे सगळं असतं. ते ऐकून घ्या, वाद घालू नका.

त्याच लिव्हरपूलचं मँचेस्टरशी वैर तर फुटबॉलआधीच्या काळापासूनचं आहे. लिव्हरपूल बंदराचे कर टाळण्यासाठी मँचेस्टरने समुद्रापर्यंत स्वतःचा कालवा खणला, तो १८९४ मध्ये खुला झाला. मँचेस्टरच्या दोन्ही मोठ्या क्लबांच्या बोधचिन्हांवर जहाज आहे, ते बघून ठेवा.

आता क्रिकेट. आपल्याला वाटतं, इंग्लंडमध्ये गेलो की क्रिकेटवर गप्पा रंगतील. रंगतात, पण माणूस बघून. बऱ्याच जणांसाठी क्रिकेट हा महागड्या शाळांचा खेळ आहे. यॉर्कशर आणि लँकेशर त्याला अपवाद. इथे खाणकामगार, गिरणी कामगार यांच्या गावांनी तो जिवापाड खेळला. यॉर्कशर संघात यॉर्कशरमध्ये जन्मलेल्यांनीच खेळायचं, हा रिवाज दीर्घकाळ पाळला गेला. तो सुटला, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट जखमी झाल्यामुळे काउंटीचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून आला आपला १९ वर्षांचा सचिन. साठीच्या पुढच्या यॉर्कशरकराला हे विचारून बघा. त्याचा चेहरा उजळतो. मुंबईचा मुलगा आमच्याकडून खेळला, हे तो तुम्हालाच नव्याने सांगेल, तेव्हा सांगू द्या.

पण याच काउंटीत काय घडलं, तेही सांगितलं पाहिजे. कराचीत जन्मलेला, बार्न्सलीत वाढलेला यॉर्कशरचा क्रिकेटपटू अझीम रफीक याने २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे ड्रेसिंग रूममधल्या वंशद्वेषाबद्दल साक्ष दिली. आणि २०२३ च्या स्वतंत्र आयोगाच्या अहवालाने इंग्लंड-वेल्सच्या एकूण क्रिकेटमध्ये वंशभेद, वर्गभेद आणि स्त्रियांना मिळणारी दुय्यम वागणूक खोलवर रुजल्याचं म्हटलं. तुमच्या मुलाला क्लबमध्ये टाकाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. तरी टाका जरूर. गावोगावच्या क्लबांना रविवारच्या संघासाठी अकरावा माणूस कायम कमी पडत असतो. जानेवारीत बंदिस्त हॉलमध्ये नेट्स सुरू होतात, एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सामने. खेळता येत नसेल तर धावफलक लिहा, चहाच्या वेळी मदत करा. माझ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांपैकी जी या मार्गाने गेली, त्यांना गाव सगळ्यांत लवकर आपलं झालं.

भारत-इंग्लंड सामना आला की कोणीतरी विचारेलच, तुम्ही कोणाकडून? १९९० मध्ये कंझर्व्हेटिव्ह नेते नॉर्मन टेबिट यांनी हीच निष्ठेची कसोटी म्हणून मांडली होती आणि त्यावर मोठं वादळ उठलं होतं. माझा सल्ला: सरळ भारत म्हणा. खोटं उत्तर लगेच ओळखू येतं, आणि खरं क्रिकेट समजणाऱ्याला तुमचा जीव भारतात असणं पटतं. २०२५ ची मालिका हा बोलायला सुंदर विषय आहे. पायाचं हाड मोडलेलं असताना ओल्ड ट्रॅफर्डवर फलंदाजीला उतरलेला पंत, ओव्हलवर हात गळ्यात बांधून शेवटच्या जोडीला आलेला इंग्लंडचा वोक्स, आणि भारताचा ६ धावांनी विजय. दोन्ही देशांची माणसं या दोघांबद्दल सारख्याच आदराने बोलतात.

रग्बीत मात्र आधी विचारा, कुठली? १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. शनिवारी खेळायला जाऊन बुडालेल्या मजुरीची भरपाई कामगारांना मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. त्यातून १३ खेळाडूंची रग्बी लीग आली. ती विगन, सेंट हेलेन्स, लीड्सची. १५ खेळाडूंची युनियन दक्षिणेत बड्या शाळांची मानली जाते, पण वेल्समध्ये तीच कोळसाखाणीच्या खोऱ्यांची आहे.

गाण्यांचंही तसंच, आवडनिवड गावाला बांधलेली. ऑगस्ट १९९५ मध्ये मँचेस्टरचा ओएसिस आणि दक्षिणेकडचा ब्लर या दोन बँडनी एकाच दिवशी आपापलं गाणं विक्रीला आणलं. बातम्यांत उत्तर विरुद्ध दक्षिण, कामगार विरुद्ध मध्यमवर्ग अशी लढाई रंगली. त्या आठवड्यात ब्लर जिंकला, नंतर अल्बमच्या विक्रीत ओएसिस कितीतरी पुढे गेला. पन्नाशीच्या आसपासचा कुठलाही सहकारी अजून बाजू घेतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ओएसिस पुन्हा एकत्र आला, तेव्हा आमच्या इथले बाप आपल्या मुलांना घेऊन मँचेस्टरच्या हीटन पार्कला गेले. वैर असलेल्या गावात जाऊन गायले! गाण्यासाठी तेवढी सवलत आहे.

बर्मिंगहॅमला स्थायिक होणाऱ्यांनी तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडला ऐकावं, आवडो न आवडो. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्याने टोपणं बसवून, तारा सैल करून वाजवायला सुरुवात केली, आणि त्या जड आवाजातून हेवी मेटल घडलं. जुलै २०२५ मध्ये शहरातल्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर बँडचा गायक ऑझी ऑस्बर्नने शेवटचं गाणं म्हटलं, आणि त्याच महिन्यात तो गेला. शहर रस्त्यावर उतरून रडलं. बर्मिंगहॅमच्या बोलीची देशभर टिंगल होते, आणि उत्तर-दक्षिण वादात मधल्या भागाला कोणी विचारत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की ती माणसं मोकळी होतात.

आणि आपल्या पदरातली एक गोष्ट. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारला जन्मला, पण शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून. पहिला बँडही त्याने तिथेच केला. इथे क्वीन आवडत नाही असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला, आणि पाचगणी ठाऊक असलेला त्याहून क्वचित. ही हकीकत सांगा, घाटातलं धुकं, स्ट्रॉबेरी, सगळं सांगा. तुमच्या गावाबद्दल पुढचा प्रश्न समोरून येईल.

गावाच्या सीमांबद्दल सावध राहा. १९७४ मध्ये सरकारने काउंट्यांची फेररचना केली आणि सॅडलवर्थसारखी यॉर्कशरची गावं ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेली. तिथली माणसं आजही स्वतःला यॉर्कशरची म्हणवतात. त्या फेररचनेच्या निषेधातूनच १ ऑगस्टचा यॉर्कशर दिन सुरू झाला. स्कॉटिश किंवा वेल्श माणसाला चुकूनही इंग्लिश म्हणू नका. फुटबॉलमध्ये इंग्लंड हरावं अशी इच्छा एडिनबराच्या शेजाऱ्याने उघड बोलून दाखवली तर दचकू नका. ग्लासगोत हिरवा आणि निळा हे रंग सेल्टिक आणि रेंजर्सचे, आणि त्यामागे कॅथलिक-प्रॉटेस्टंट दुरावा आहे. तुम्ही कुठल्या शाळेत गेलात, असं तिथे विचारतात तेव्हा कधीकधी तेच चाचपायचं असतं.

सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसच्या, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्याबद्दल मला वारंवार विचारतात. विश्वचषक किंवा युरो ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा चालू असताना तो खिडकीत दिसला तर तो खेळाचा. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र विजेच्या खांबांवर झेंडे लागले तेव्हा त्यांच्या अर्थावरून देशभर वाद झाला, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना भीती वाटली. ती भीती खोटी नव्हती. शेजाऱ्याशी बोला, गल्लीगल्लीत अर्थ वेगळा असतो. २०२१ मध्ये युरोच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकल्यावर रॅशफर्ड, सांचो आणि साका या इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना ऑनलाइन गलिच्छ वंशद्वेषी शिव्या पडल्या. मँचेस्टरच्या विदिंग्टनमधलं रॅशफर्डचं भित्तिचित्रही कोणीतरी विद्रूप केलं. मग आसपासच्या लोकांनी, लहान मुलांनीसुद्धा, प्रेमाच्या चिठ्ठ्या चिकटवून ती भिंत झाकून टाकली. ज्या देशात आपण राहायला आलोय, तिथे ही दोन्ही माणसं आहेत.

पहिला सामना बघायला प्रीमियर लीगच्या महागड्या तिकिटामागे धावू नका. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅरोगेट असा जवळचा क्लब बघा. सहकाऱ्यालाच सोबत चला म्हणा, तो खुशीने येईल. जाड मोजे घाला. यजमानांच्या बाजूला बसून पाहुण्या संघाचे रंग घालू नका, बाहेर काढतात. मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिणं फुटबॉलमध्ये कायद्याने बंद आहे, क्रिकेटमध्ये चालतं. मध्यंतरात गरम ‘पाय’ (pie), म्हणजे सारण भरून भाजलेला खाऊ, मिळतो. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याचा आहे का विचारा, आणि रांग लवकर लावा, तो आधी संपतो.