ड्रोनच्या फोटोंतून गावठाणाचा ऑर्थोफोटो कसा तयार करावा

देवळासमोरची दहा मीटर उंच दीपमाळ वरून टिपलेल्या फोटोत बहुतेक वेळा आडवी पडल्यासारखी दिसते. ड्रोन १०० मीटर उंचीवर आणि दीपमाळ त्याच्या थेट खालच्या जागेपासून ४० मीटर दूर असेल, तर तिचं टोक पायथ्यापासून जवळपास साडेचार मीटर बाहेर सरकतं. टेकडी, बांध, माडीचं घर, सगळ्यांचं असंच होतं. म्हणून हवाई फोटोवरून सरळ अंतरं मोजू नयेत. प्रत्येक ठिकाणाची उंची हिशेबात धरून हे सरकणं काढून टाकलं की हाती येतो तो ऑर्थोफोटो.

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या रसेल बीन यांनी यासाठी ऑर्थोफोटोस्कोप बनवला. अरुंद फटीतून फिल्मवर एकेक पट्टी उमटायची आणि फट सरकेल तशी चालवणारा माणूस उंची हाताने जुळवत राहायचा. आता ते काम संगणक करतो. उंची चुकली की फोटो चुकतो, हे मात्र बदललेलं नाही.

उड्डाणाआधी. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर गाव हिरव्या, म्हणजे वेगळी उड्डाण परवानगी न लागणाऱ्या विभागात येतं का ते पाहा; तिथे साधारण १२० मीटरपर्यंत उडवता येतं. ड्रोनची नोंदणी आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्रही तपासून घ्या. मग उंची ठरवा. कॅमेऱ्याचा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा आणि भिंगाचं नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर असेल, तर १०० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.७ सेंटिमीटर व्यापतो. गावठाणाला तेवढं पुरतं.

नियंत्रण बिंदू. म्हणजे जमिनीवरच्या, नेमकी जागा मोजलेल्या खुणा. इथे घाई करू नका. सगळ्या कामाची अचूकता या खुणांवर उभी आहे. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, अशा किमान पाच ठिकाणी हातभर लांबीच्या जाड फुल्या मारा. झाडाखाली किंवा भिंतीला लागून नकोत. गाव उतारावर असेल तर वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना खुणा हव्यात. प्रत्येक फुलीच्या मध्याची जागा आरटीके जीएनएसएस यंत्राने, म्हणजे उपग्रहांवरून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या यंत्राने मोजा. शिवाय तीन-चार बिंदू मोजून बाजूला ठेवा. ते संगणकाला द्यायचे नाहीत, शेवटी परीक्षेसाठी वापरायचे.

उड्डाण. वारा कमी आणि सावल्या आखूड असतील अशी वेळ निवडा. लागोपाठचे फोटो एकमेकांवर ८० टक्के आणि शेजारच्या ओळी ७० टक्के चढू द्या. गावाच्या कडेबाहेरही एक-दोन ओळी उडवा, नाहीतर कडेची घरं वाकडी येतात.

संगणकावर. ड्रोनच्या फोटोंतून ऑर्थोफोटो बनवणारं वेबओडीएम हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. फोटो चढवा, नियंत्रण बिंदूंची फाईल द्या आणि प्रत्येक फुली किमान तीन, जमल्यास पाच-सहा फोटोंत दाखवा. प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, यूटीएम निवडा; त्यात पृथ्वीचे उभे विभाग पाडलेले असतात: ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला विभाग ४३, पूर्वेला ४४. पुण्याला पहिला, नागपूरला दुसरा. जीएनएसएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे साठेक मीटरचा फरक पडतो, तेव्हा दोन्ही एकाच कामात मिसळू नका. संगणक सामाईक ठिपके जुळवून कॅमेऱ्याची जागा आणि कल काढतो, पृष्ठभाग उभा करतो आणि प्रत्येक पिक्सेल त्याच्या जागी बसवतो.

तपासणी. तयार फोटो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि राखून ठेवलेल्या बिंदूंशी ताडून पाहा. एखाद्या बिंदूवर फरक दोन-तीन पिक्सेलांहून बराच जास्त आला, तर आधी त्या परिसरातल्या फुल्यांच्या नोंदी तपासा. मग पत्र्यांच्या कडा, विजेच्या तारा, झाडांचे शेंडे बघा. ठिगळं दिसतात ती बहुधा तिथेच.

सगळं नीट जुळलं तरी वरून घराची वळचण दिसते, भिंतीचा पायथा नाही. दोन घरांमधली बोळ छपरांखाली दडलेली असते. गावठाणातल्या मिळकती ड्रोनने मोजण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडण्याआधीच मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात, त्यामागे हीच अडचण आहे. तुम्हाला हद्दी मोजायच्या असतील तर आदल्या दिवशी, दोन्ही बाजूंच्या घरमालकांसमोर, चुना टाकून घ्या. छपरांखाली दडलेल्या हद्दी मात्र टेपनेच मोजाव्या लागतील.