लहान मुलांना घेऊन कालव्याच्या कडेनं चालताना

नीरा डावा कालवा ब्रिटिश काळातला. पुरंदर, बारामती, इंदापूर तालुक्यांतून तो जमिनीची पातळी धरून वळणं घेत जातो, त्यामुळे कडेच्या रस्त्याला चढ-उतार जवळजवळ नाही. चार-पाच वर्षांचं मूल इथं न कुरकुरता चालतं ते म्हणूनच. पण याच वळणांमुळे पुढचं दिसत नाही, आणि नकाशावर सरळ रेषेत एक किलोमीटर दिसणारं अंतर पायाखाली दीड भरू शकतं. पहिल्या वेळी जाऊन-येऊन दोन किलोमीटर पुरे. मुलं थांबत थांबत चालतात, तेवढ्याला दीड तास धरा.

निघण्याआधी पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाला) किंवा कालव्याकाठच्या शेतकऱ्याला विचारा, आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू आहे का? रब्बीचा हंगाम 15 ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर असतो आणि फिरायला हेच दिवस चांगले. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर आमचं सांगणं असं की दोन आवर्तनांच्या मधले दिवस निवडा. तळाला डबकी उरलेली असतात, त्यांतल्या माशांसाठी बगळे, वंचक, खंड्या जमतात आणि भरलेल्या कालव्यापेक्षा जास्त पाखरं दिसतात. मात्र कोरड्या कालव्यातही उतरू नका. गाळ वरून सुकलेला दिसतो आणि खाली पाय गुडघ्यापर्यंत रुततो. वरून पाणी कधी सोडतील, तेही तुम्हाला कळणार नाही.

पाणी चालू असेल तर नियम एकच: मोठं माणूस पाण्याच्या बाजूला, मूल शेताच्या बाजूला. सात वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हवं. आणि हात धरायचा तो मनगटाला, बोटं घामानं निसटतात. कालव्याचं पाणी संथ दिसतं, ते फसवं असतं. वाहत येणारं एखादं पान मुलाला दाखवा आणि त्याच्या बरोबरीनं चालायला सांगा. पान सेकंदाला एक मीटर जात असेल तर ताशी 3.6 किलोमीटर झाले. मूल मागं पडतं आणि पाण्याचा वेग त्याला न सांगता समजतो.

अस्तरीकरण झालेल्या, म्हणजे काँक्रीटनं बांधून काढलेल्या भागात जास्त जपा. काँक्रीटचा उतार शेवाळानं बुळबुळीत झालेला असतो आणि धरायला काही नसतं, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही. धुणं धुवायच्या पायऱ्या बाहेर यायला उपयोगी, म्हणून त्या कुठं आहेत ते जाताना बघून ठेवा; मुलांना मात्र तिथं नेऊ नका. सगळ्यांत वाईट जागा सायफनची. कालवा ओढ्याखालून नेणाऱ्या त्या नळाच्या तोंडाशी पाणी सगळं आत ओढतं. तिथून मुलाला कडेवर घेऊन, दहा पावलं लांबून पुढं जा. दारांना आणि गेटच्या चाकांना हात लावू देऊ नका.

पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दहा मीटर दोरीला बांधून बरोबर ठेवा. कुणी पडलंच तर पाण्यात उडी मारू नका. एकाला वाचवायला एकेक करत घरातलीच माणसं बुडतात, ती अशीच. पळत त्याच्या पुढं जा, कॅन त्याच्याही पुढं फेका, दोरी धरून पायऱ्यांकडे ओढत न्या. एकानं लगेच 112 ला फोन करावा.

बाबागाडी नेऊ नका, मुरुमाच्या चाकोऱ्यांत ती अडते. दमलेलं मूल खांद्यावरही बसवू नका, तोल जातो. पाठीला किंवा छातीशी बांधायची झोळी बरी. पायांत बंद बूट हवेत, बाभळीचा काटा चपलेतून आरपार येतो. दर माणशी अर्धा-पाऊण लिटर पाणी, हात धुवायला वेगळी बाटली, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की आणि काटे काढायचा चिमटा एवढं पुरतं. खायला बाभळीखाली बसू नका, आणि वर आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली तर क्षणभरही थांबू नका.

थंडीत खाजकुहिलीच्या शेंगा वाळतात. सोनेरी, मखमली असतात, त्यामुळे मुलांचा हात हमखास जातो. शेंगेवरची लव अंगाला लागली तर चोळू नका. चोळल्यानं लव आणखी रुतते. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढा, तीन-चार वेळा, दरवेळी नवी. मग पाण्यानं धुवा. तोवर मुलाचा हात डोळ्यांकडे जाऊ देऊ नका.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. उजाडण्याआधी आणि दिवस मावळताना ऊसपट्ट्यात बिबट्या फिरतो, म्हणून मुलाला शूसाठीही उसात एकटं सोडू नका. गाळप हंगामात याच रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. आवाज ऐकला की मुलांना शेताच्या बाजूला घेऊन उभे राहा आणि मागची ट्रॉली पूर्ण जाईपर्यंत हलू नका. वळणावर ती पुढच्या ट्रॉलीपेक्षा आत कापते.