इंजिनाचे आटे गेले तर काय करायचं

इंजिन ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट आवळताना पाना अचानक हलका पडला आणि बोल्ट नुसताच फिरू लागला, की हात तिथेच थांबवा. चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइल असलेल्या भागाचे आटे गेलेले आहेत. जोर करून फिरवत राहिलात तर भोक अंडाकृती होतं, आणि पुढे टॅप (आटे पाडायचं अवजार) सरळ चालवायला जो गोल आधार लागतो तोच हातचा जातो. टेफ्लॉन टेप गुंडाळून, एम-सील थापून बोल्ट 'बसवून' देणारे भेटतात. टेपचे तुकडे ऑइलबरोबर ऑइल गाळायच्या जाळीपर्यंत पोचतात आणि एम-सील गरम ऑइलात सुटतं. दोन्ही टाळा.

आटे जातात कशाने, हे आधी ओळखायला हवं. नाहीतर दुरुस्त केलेलं भोकही पुन्हा जाईल. ड्रेन बोल्टच्या बाबतीत मूळ दोष बहुतेक वेळा वॉशरचा असतो. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुढच्या वेळी तितका दबत नाही, थेंब गळतो, आणि तो थेंब थांबवायला माणूस बोल्ट आणखी पिळतो. बोल्ट पोलादाचा, चेंबर अॅल्युमिनियमचा; हार कोणाची होणार ते ठरलेलं. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं ऑइल लागोपाठ दोन-तीनदा बदलावं लागतं. तेव्हाही दर वेळी नवा वॉशर टाका.

इंजिनाच्या साइड कव्हरच्या बोल्टांचं दुखणं वेगळं. तिथे लांबी चुकते. लांब बोल्ट उथळ भोकात गेला की तळाला टेकतो आणि आटे उपटतो. आखूड बोल्ट तीन-चार आट्यांवरच सगळा भार टाकतो. म्हणून कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा.

किनाऱ्यावर याच्या जोडीला मीठ असतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून रोज जाणाऱ्या, नाहीतर पुळणीवर फिरवलेल्या गाडीच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसते. खारट ओल, पोलाद आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की झिजतं ते अॅल्युमिनियम. त्या भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ती बोल्ट आतल्या आत जखडून टाकते. असा बोल्ट थेट पान्याने ओढला तर आटे चिकटूनच बाहेर येतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, मग हीट गनने भोवतीचं अॅल्युमिनियम तापवा. पोलादाच्या जवळपास दुप्पट ते प्रसरतं, त्यामुळे पकड सैल होते. पेट्रोलची नळी आणि स्प्रेचा डबा त्या वेळी लांब ठेवा. बोल्ट थोडा हलला की लगेच पूर्ण काढू नका. पाव फेरा मागे, पाव पुढे, असं करत भुकटी मोकळी करत काढा. जुन्या गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूंना साधा स्क्रूड्रायव्हर लावू नका, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच लागतो.

आता दुरुस्ती. कव्हरच्या बोल्टांना हेलिकॉइल हा सर्वांत चांगला उपाय आहे. ही स्टेनलेस तारेची गुंडाळी असते. भोक थोडं मोठं करून त्यात तिच्या मापाचे आटे पाडायचे आणि ती बसवायची. आतून मूळ मापाचाच बोल्ट जातो. आटे पोलादी झाल्यामुळे ते पहिल्यापेक्षा टिकाऊ होतात. दुकानात माप सांगताना मात्र पान्याचा नंबर सांगू नका. आठ किंवा दहा नंबरच्या पान्याने फिरणारा कव्हरचा बोल्ट बहुतेक एम-६ असतो, म्हणजे आट्यांचा व्यास ६ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. किट एम-६ × १ चं मागा. लांबी भोकाच्या खोलीप्रमाणे ९ किंवा १२ मिमी. जागा असेल तर १२ घ्या.

भोकाची खोली मोजा आणि ड्रिल बिटावर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळा. एम-६ ला ६.३ मिमी बिट लागतो, काही किटमध्ये ६.२ येतो; किटमधला असेल तोच वापरा. ड्रिल अगदी हळू चालवा, कारण जुन्या भोकात बिट धातूला धरून स्वतःला आत ओढून घेतो. सरळपणा इथेच साधतो किंवा बिघडतो. लेथवाल्याकडून १० मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीत ६.३ चं काटकोनी भोक पाडून घ्या आणि शेजारच्या चांगल्या भोकात बोल्ट लावून ती पट्टी चेंबरवर आवळा. बिट त्या पट्टीतूनच आत जाऊ द्या. एवढ्या खटपटीचा कंटाळा करू नका. तिरकं पडलेलं भोक नंतर कशानेही सरळ होत नाही.

टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे बुरा त्यालाच चिकटेल, आणि रॉकेलचे किंवा डिझेलचे थेंब सोडा. दोन फेरे झाले की गुण्या लावून टॅप दोन बाजूंनी सरळ आहे का ते पाहा. मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे बुरा तुटत राहतो. टॅप जड लागला की बाहेर काढून पुसा. टॅप आत तुटला तर काम कैक पटीने वाढतं. अॅल्युमिनियमचा बुरा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे इंजिनाच्या आतली बाजू आधीच ग्रीस लावलेल्या कापडाने बंद करा आणि शेवटी व्हॅक्यूमने ओढून घ्या. भोक कार्ब क्लीनरने (कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेने) धुऊन वाळवा.

गुंडाळी किटमधल्या अवजारावर चढवा, तिची शेपटी खाचेत अडकवा आणि दाब न देता फिरवत आत न्या. दाबलं की एक आटा उडी मारतो. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेलं पाहिजे. नंतर शेपटी बारीक पंचने एका ठोक्यात तोडा आणि तो तुकडा हातात आल्याची खात्री करा. चेंबरमध्ये पडला तर गिअरमध्ये सापडेल. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं ठेवू नका. बोल्ट आवळताना त्या पाण्याला वाट नसते आणि चेंबरलाच तडा जातो.

ड्रेन बोल्ट वारंवार उघडावा लागतो, म्हणून तिथे गुंडाळीपेक्षा भरीव बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) किंवा मोठा बोल्ट बरा. मूळ बोल्ट एम-१२, पिच १.५ असेल आणि भोकाभोवती पुरेसा धातू असेल तर १२.५ मिमीचं भोक पाडून एम-१४, पिच १.५ चा टॅप मारता येतो. कित्येक मोटारींचा ड्रेन बोल्ट याच मापाचा असतो. मात्र त्याची लांबी जुन्या बोल्टाएवढीच हवी, आत काही अडकता कामा नये. स्वतःच आटे पाडत जाणारे तयार बोल्ट मिळतात, ते घेऊ नका. ते तिरके जातात.

बुश करायचा तर बाहेरून एम-१६, आतून एम-१२. मिरजोळे, खेर्डी, लोटे, कुडाळ इथल्या एमआयडीसींच्या आसपास आणि मासेमारीच्या बंदरांजवळ लेथवाले असतात. बोटीच्या कामामुळे त्यांच्यापाशी पितळ पडलेलं असतं आणि ते पितळेचाच बुश सुचवतील. खाऱ्या हवेत पितळ अॅल्युमिनियमला पोलादापेक्षाही जास्त खातं. माइल्ड स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचाच करून घ्या. लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून बसवा, चोवीस तास तसाच राहू द्या. वॉशर बसतो तो पृष्ठभाग सपाट हवा आणि वॉशरने बुशाचा जोड पूर्ण झाकला पाहिजे. खालून ड्रिल करत असल्यामुळे बुरा बहुतेक खालीच पडतो, तरी वरून दोन-तीनशे मिली स्वस्त ऑइल ओतून ते वाहून जाऊ द्या.

सायलेन्सरचा गंजलेला स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) तुटला तर ईझी-आउटने, म्हणजे तुटका बोल्ट काढायच्या उलट्या आट्यांच्या अवजाराने सुरुवात करू नका. ते कडक पोलाद आत तुटलं की साधा बिट त्यावर चालतच नाही. उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या; वेल्डिंगच्या उष्णतेनेच पकड सुटते आणि नटाने बुंधा फिरवता येतो. स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे गेले तर इंजिनाचं हेड उतरवूनच काम करा, बुरा सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका घेऊ नका. आणि कडेचा धातूच फुटला असेल तर आर्गॉन वेल्डिंगने भरून नव्याने भोक पाडणं हाच मार्ग उरतो.

जोडताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी लावा: उलटा फिरवत राहा, आटा 'टक्' करून खाली बसला की सुलटा फिरवा. आवळताना एम-६ ला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळायचा जोर) पुरतो, एम-१२ ड्रेन बोल्टला २५ च्या आसपास; आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. साइड कव्हरच्या बोल्टांच्या आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जखडू न देणारं वंगण) लावा आणि मग टॉर्क थोडा कमी ठेवा, कारण वंगण लागलेला बोल्ट तेवढ्याच जोरात जास्त ताणला जातो. पावसाळ्यानंतर, आणि फेरीबोटीतून किंवा पुळणीवरून आल्यावर, इंजिन थंड झालं की गोड्या पाण्याने खालची बाजू धुवा. दुरुस्त केलेल्या बोल्टाखाली पुठ्ठा टाकून गाडी दहा मिनिटं चालू ठेवा आणि रात्रभर तशीच सोडा. डाग पडला तर बोल्ट आणखी पिळू नका, वॉशर बदला.