चोरलला मुक्काम, पातालपाणी निवांत: दोघांसाठी पावसाळी बेत

इंदूरहून सकाळी निघून तिंछा, पातालपाणी, शीतलामाता असे सगळे धबधबे एका दिवसात उरकायचे म्हटले की निम्मा दिवस गाडीत जातो. दोघंच मित्र असाल तर चोरल गावाच्या बाजूला एक रात्र तंबू टाका आणि दुसऱ्या दिवशी एकट्या पातालपाणीला द्या. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर सर्वांत सोयीचा: झड ओसरलेली असते आणि धबधब्याला पाणी टिकून असतं.

जागेवर दुपारी चारपर्यंत पोचा, कारण जागा शोधण्यातच वेळ जातो. माळव्याची काळी माती भिजली की खुंटी धरत नाही आणि गाडीची चाकं रुततात. म्हणून मुरमाड उंचवटा बघा. शेत असेल तर मालकाला विचारा. जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नकोच. नदीचं पात्र किंवा नाल्याचा काठ कितीही कोरडा दिसला तरी टाळा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर कलतं ठेवून ठोका आणि वर दगड ठेवा. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. कडा बाहेर राहिली तर पावसाचं पाणी तिच्यावर साचून थेट पाठीखाली येतं, आणि लोक तंबू गळका म्हणतात. झरोके उघडे ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून थेंब धरते. पाऊस आला तरी स्टोव्ह तंबूत पेटवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

रात्री खिचडी पुरे: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी. सकाळी दोन वाट्या जाड पोहे धुवून दहा मिनिटं निथळत ठेवा. फोडणीत बडीशेप हवीच. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घट्ट झाकणाच्या डबीत न्या, दमट हवेत जिरावणाचे गोळे होतात. पाणी माणशी चार लिटर धरा.

पातालपाणीला सिमरोल-महू रस्त्यानं आठच्या सुमारास पोचलात तर गर्दी नसते. रविवार मात्र सोडाच. सुमारे 300 फुटांची ही धार वरच्या कठड्यापासूनच उत्तम दिसते. लाव्हाचे एकावर एक बसलेले थर कड्यात मोजता येतात. तासभर बसा, वारा फिरला की धार कशी हलते ते बघा.

धारेच्या माथ्यावर पात्रात मात्र उतरू नका. पाऊस वर महूकडे पडतो आणि इथे ऊन असतानाच लोंढा येतो. जुलै 2011 मध्ये एक कुटुंब इथेच वाहून गेलं. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला किंवा आवाज जड झाला, तर सामान सोडा आणि आपण ज्या काठाकडे आहोत तिकडेच वर चढा. पात्र ओलांडून पलीकडे जाण्यात माणसं अडकतात. शेवाळलेल्या बेसाल्टच्या काळ्या कातळावर चप्पल टिकत नाही. खाचांच्या रबरी तळाचे बूट घाला.

हेरिटेज रेल्वेगाडी सुरू असेल तर पातालपाणी ते कालाकुंड जरूर करा. होळकरांच्या काळातला हा मार्ग आहे, आणि कालाकुंडला पळसाच्या पानावरचं कलाकंद मिळतं.

घरी पोचल्यावर तंबू त्याच दिवशी उलगडून पंख्याखाली वाळवा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि शिवणीवरचा जलरोधक थर सुटतो.